शाकारणीचा धंदा करावा का?

गुहागरचा: गावात शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौलं चाळायला, माणूस मिळत नाही. जाणते थकले, पोरं मुंबईला. यंदा आईनं तीन आठवडे वाट पाहिली आणि पहिल्याच पावसात माजघर गळलं. मी वायरमनचं काम सोडून चौघांची टोळी करायची म्हणतोय. शाकारणी, पन्हळी, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग. वर्षभर पुरेल?

राजापूरकर काका: नुसती कौलं धरलीस तर काम एप्रिल-मेचंच. पण भिंतीचा चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी पितो रे! भेगा भरणं, गिलावा ही कामं दिवाळीनंतर निघतात. वाळवीनं खाल्लेले वासे-रिपा बदलायला सुतार हवाच. आणि दोर बांधल्याशिवाय कुणाला वर चढवू नकोस. माझा चुलतभाऊ शेवाळावरून घसरला, कायमचा अधू झाला.

चंद्रपूरची ताई: आमच्याकडे उन्हापासून घर वाचवायचं असतं. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग द्यायला माणसं लागतात. शेजारच्या तेलंगणानं 2023 मध्ये त्यासाठी कूल रूफ धोरणच आणलं.

देवगडवाली: दादा, जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीची, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची, चौकशी कर. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के, विशेष गटाला (अनुसूचित जाती-जमाती, महिला वगैरे) 35 टक्के अनुदान आहे.

गुहागरचा: काका, सुतार मिळाला. दोर आणि पट्टे आधी घेतो, शिडी नंतर.