ज्वालामुखीला तोंड कुठंय?

परवा महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाटानं उतरत होतो. रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात खाली काळा कातळ, मध्ये हातभर विटकरी पट्टा, वर पुन्हा काळा कातळ. भाचीला म्हटलं, हे सगळं ज्वालामुखीतून आलंय. ती मान वर करून शोधायला लागली. "मावशी, मग त्याचं तोंड कुठंय?" मला सांगता येईना. शब्दातच 'मुख' आहे म्हटल्यावर तोंड असायला हवं ना? आणि लगे हात आणखी एक: शिलारस आणि लाव्हारस एकच का?

प्रतिसाद:
ताई, भाचीनं बरोबर बोट ठेवलंय. तोंड सापडणार नाही, कारण तसं शंकूसारखं तोंड तिथं नव्हतंच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरत गेला. एक थर निवायचा, काही काळानं त्यावर दुसरा यायचा. मधल्या काळात खालच्या थराचा माथा झिजून त्याची माती झाली, तोच तुमचा विटकरी पट्टा. आज उरलेला पसाराच जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर भरतो.

'ज्वाला'सुद्धा फसवी आहे. लाव्हा पेटलेला नसतो, तापलेला असतो. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड लाल होतं, जळत नाही, तसंच. आता गंमत बघा. हिमाचलात कांगडा जिल्ह्यात ज्वालामुखी देवीचं देऊळ आहे. खडकाच्या फटींतून नैसर्गिक वायू येतो आणि त्याच्या ज्योती तेवत असतात. तिथं ज्वाला आहे, मुख आहे, पण ज्वालामुखी नाही. आमच्या सह्याद्रीत दोन्ही नाही आणि सगळा डोंगर ज्वालामुखीचा! म्हणून शब्द टाकून द्या असं मी म्हणणार नाही. फक्त देवी 'ती' आणि डोंगर 'तो', एवढं लिहिताना सांभाळा.

प्रतिसाद:
काका, देवाचा विषय निघालाच आहे तर, आपण 'जागृत देवस्थान' म्हणतो आणि 'जागृत ज्वालामुखी'ही म्हणतो. अंदमानातलं बॅरन बेट बराच काळ गप्प होतं, १९९१ साली पुन्हा धुमसलं. त्याला 'सक्रिय' म्हटलं की कार्यकर्ता वाटतो. 'जागृत'च हवा. झोपलेला तो 'निद्रिस्त'. पाश्चात्त्यांचा 'व्होल्कॅनो'ही देवाच्याच नावाचा आहे: रोमन लोकांचा अग्नीचा आणि लोहारकामाचा देव व्हल्कन, आणि सिसिलीजवळचं व्हल्कानो बेट.

प्रतिसाद:
शिलारसाबद्दल. जमिनीखाली असतो तोवर शिलारस, म्हणजे मॅग्मा. बाहेर पडला, त्यातले वायू बरेचसे निसटले, की लाव्हारस. पण काष्ठौषधींच्या दुकानात 'शिलारस' मागितलात तर तुम्हाला एका झाडाचा सुगंधी चीक बांधून देतील. आयुर्वेदात हा शब्द त्यासाठी केव्हापासूनचा आहे. भूगोलवाल्यांनी तो उसना घेतला की नव्यानं घडवला, कोण जाणे.

प्रतिसाद:
मुद्रितशोधन करते, म्हणून थोडी चिडचिड. 'पृथ्वीच्या पोटात लाव्हारस उसळत असतो' हे वाक्य दर महिन्याला एकदा तरी समोर येतं. एक तर पोटात असेल तो लाव्हारस नव्हे. दुसरं म्हणजे भूकवचाखाली रसाचा समुद्र नाहीच. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंतचं प्रावरण बहुतांश घट्ट खडकाचं आहे, फक्त अतिशय सावकाश सरकतं. डांबराचा गोळा हातोडीनं फुटतो आणि तसाच ठेवून दिला तर बसत जातो, तसं काहीसं. शिलारस तयार होतो तो ठिकठिकाणी, थोडाथोडा. खरंखुरं वितळलेलं म्हणाल तर बाह्य गाभा, आणि तोही लोखंड-निकेलचा. त्याच्या आत पुन्हा घट्ट गोळा आहे, हे इंगे लेमान या डॅनिश बाईंनी १९३६ साली भूकंपलहरींवरून ओळखलं.

शब्द मात्र सुरेख जमलेत. 'वस्त्रप्रावरणे' मधलं प्रावरण म्हणजे अंगावर घ्यायचं पांघरूण, आणि इंग्रजीतला 'मँटल'ही झगाच. गाभा तर केळीचा असतो, तोच.

प्रतिसाद:
मला खटकतो तो 'भूपट्ट', म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा. ऐकलं की डोळ्यांपुढे लांबट पट्टा येतो, आणि आहे तो खंडाएवढा तुकडा, तोही जाड. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. नखं वाढतात जवळपास त्याच चालीनं. 'विवर्तनिकी', म्हणजे या भूपट्टांच्या हालचालींचं शास्त्र, हा शब्द तर मुलं पाठ करतात आणि विसरतात. मूळ 'टेक्टॉनिक' मधला ग्रीक 'टेक्टॉन' म्हणजे सुतार, संस्कृत 'तक्षन्' त्याचाच भाऊबंद. आपलं 'तासणं' त्याच घरचं. इतक्या जवळचा धागा असताना नाव इतकं कोरडं का निघालं?

एक जोड: किल्लारी (१९९३) आणि कोयना (१९६७) ही दोन्ही ठिकाणं भूपट्टाच्या कडेला नाहीत, आतल्या भागात आहेत. 'भूपट्ट आदळले म्हणून भूकंप' हे सरसकट लिहू नका.

प्रतिसाद:
सह्याद्रीतल्या या काळ्या कातळाच्या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला ट्रॅप म्हणजे आपला 'टप्पा' का? घाट टप्प्याटप्प्यांचा दिसतो खरा.

प्रतिसाद:
नाही हो, कानाला जुळतंय तेवढंच. तो स्वीडिश 'ट्राप्पा', म्हणजे जिना. अर्थ मात्र तुम्ही बरोबर पकडलात. निदान कुणी 'दख्खनचा सापळा' तरी लिहू नये.