ग्रीन बे पॅकर्स: पाच लाख मालक, पण मालकी कुणाची?

फॉक्सकाठचा

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये ३२ संघ आहेत. त्यातल्या ३१ संघांना धनी आहेत, कुणी तेलातला, कुणी जमीनजुमल्यातला, कुणाला बापाकडून संघ वारशात आलेला. उरला ग्रीन बे पॅकर्स. विस्कॉन्सिनमधल्या लाखभर वस्तीच्या गावाचा संघ, आणि भागधारक पाच लाखांच्या वर. दर जुलैला भागधारकांची सभा भरते, ताळेबंद जाहीर होतो आणि आमच्या मराठी मित्रमंडळात तोच वाद सुरू होतो. ही लोकमालकी खरी की नुसता देखावा? यंदा म्हटलं, सगळ्यांसमोरच होऊन जाऊ दे.

माझं म्हणणं असं, की भागधारकाच्या हातात फारसं काही नाही, हे कबूल. पण या रचनेचं एक काम शंभर टक्के खरं आहे. संघ गावातून कुणाला उचलून नेता येत नाही.

इतिहास बघा. १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो आणि वर्तमानपत्रातला जॉर्ज कॅल्हून यांनी संघ काढला. लॅम्बो इंडियन पॅकिंग नावाच्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत कामाला होता. कंपनीने गणवेशाला पैसे दिले, म्हणून नाव पॅकर्स. १९२१ मध्ये संघ लीगमध्ये गेला आणि कॉलेजच्या पोरांना खेळवल्याबद्दल लगेच बाहेरही पडला. लॅम्बोने खटपट करून पुन्हा प्रवेश मिळवला. पैसा मात्र नव्हताच. १९२३ मध्ये गावातल्या लोकांनी पाच-पाच डॉलरचे शेअर घेतले. पुढे स्टँडवरून पडलेल्या एका प्रेक्षकाने दावा जिंकला, त्यात विमा कंपनी बुडाली आणि संघ दिवाळखोरीच्या दारात गेला. १९३५ मध्ये दुसरी शेअरविक्री झाली. १९५० मध्ये तिसरी, २५ डॉलरला एक शेअर, जमले सुमारे १ लाख १८ हजार. त्याच वर्षी खुद्द लॅम्बो संघ सोडून गेला. संस्थापक गेला, संघ राहिला.

या प्रत्येक वळणावर एखादा मालक असता तर त्याने संघ फुंकून टाकला असता. इथे विकायला कुणी नव्हतंच. वर संघाच्या घटनेतच तरतूद, की संघ विकला तर पैसा भागधारकांना न मिळता गावातल्या माजी सैनिकांच्या संस्थेला जाईल. १९९७ पासून तो संघाच्या धर्मादाय प्रतिष्ठानला जाईल असं केलं. म्हणजे विकून कुणाचाच फायदा नाही.

आता मालकवाले संघ बघा. १९८४ मध्ये बाल्टिमोरचे कोल्ट्स रातोरात ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला गेले. क्लीव्हलंडचा संघ बाल्टिमोरला, ह्यूस्टनचा टेनेसीला, सेंट लुईस आणि सॅन डिएगोचे लॉस एंजेलिसला, ओकलंडचा लास व्हेगासला. स्टेडियम भरत होतं की नाही, हे मालकाने विचारात घेतलंच असं नाही.

बोला.

आकडेमोड

मालकी कसली, पावती आहे ती. मागची विक्री २०२१-२२ ची. ३०० डॉलरला शेअर. लाभांश नाही, बाजारात विकता येत नाही, भाव वाढत नाही, तिकिटात सवलत नाही. फार तर घरातल्या कुणाच्या नावावर करता येतो. फायद्यासाठी घेऊ नका, असं संघ स्वतःच बजावतो. अशी वस्तू कुणी गल्लीत विकली असती तर लोकांनी पोलिसात तक्रार केली असती.

आणि तुमचा ‘लोकांनी संघ तारला’ हा इतिहास १९५० ला थांबतो. पुढचं मी सांगतो. स्टेडियम शहराच्या मालकीचं. २००० मध्ये ग्रीन बे ज्यात येतं त्या ब्राउन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, अर्धा टक्का विक्रीकर लावायचा की नाही यावर मतदान झालं, थोडक्यात पास झालं. २०१५ पर्यंत तो कर ज्यांना फुटबॉलशी देणंघेणं नाही त्यांनीसुद्धा भरला. खरे मालक ते. त्यांना भिंतीवर लावायला प्रमाणपत्रही मिळालं नाही.

आणि संघ गावात टिकला तो टीव्हीच्या पैशावर. १९६१ मध्ये लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी सगळ्या संघांचे प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकायची व्यवस्था लावली, त्यासाठी अमेरिकी संसदेने कायदा केला, आणि तेव्हापासून न्यूयॉर्कला जेवढा वाटा तेवढाच ग्रीन बेला. २०२५ च्या ताळेबंदात लीगकडून आलेला वाटा ४३२.६ दशलक्ष डॉलर. एकूण उत्पन्न ७१९ दशलक्ष. साठ टक्के उत्पन्न तिकडून. भागधारकांचा संबंध कुठे येतो?

उसाचा_फड

मी कोल्हापूरचा, खेळातलं मला फार कळत नाही. पोरगा शिकागोला असतो म्हणून रात्री जागून बघतो. पण शेअर आणि सभासद म्हटलं की आमचे कान टवकारतात. साखर कारखान्यात दहा शेअर असोत की एक, मत एकच. या तुमच्या संघात कसं? सभेत पॅनेल पडतात का? विरोधात कुणी उभं राहतं का?

आकडेमोड

साहेब, बरोबर जागी बोट ठेवलंत. इथे शेअरला मत आहे, माणसाला नाही. संचालकांची यादी वरून येते, भागधारक तिच्यावर शिक्का मारतात. १९९७ मध्ये चौथी विक्री काढली तेव्हा जुन्या भागधारकांच्या एका शेअरचे हजार शेअर केले, म्हणजे नव्याने येणाऱ्या लाखभर लोकांच्या हाती सत्ता जाऊ नये. लोकमालकी म्हणतात याला!

उसाचा_फड

मग सहकार नव्हे हा. आमच्याकडे चेअरमनला निदान पाच वर्षांनी बांधावर यावं लागतं. आणि दिवाळीला सवलतीत साखर मिळते.

फॉक्सकाठचा

सहकार आहे असं मी म्हटलेलंच नाही. ना-नफा संस्था आहे. पण तो हजाराचा फेरा मी उलट्या बाजूने बघतो. पैसेवाल्या चार लोकांनी मिळून नवे शेअर गोळा करायचे आणि संघ ताब्यात घ्यायचा, ही वाट त्याने बंद झाली. एका माणसाला दोन लाखांच्या वर शेअर ठेवता येत नाहीत, तो नियमही त्यासाठीच.

टीव्हीच्या पैशाचं म्हणाल तर तो वाटा सेंट लुईसलाही मिळत होता, सॅन डिएगोलाही मिळत होता. तरी संघ गेले. समान वाट्यामुळे छोट्या गावात राहणं परवडतं. राहायचंच, असं मात्र त्याने ठरत नाही. ते ठरवणारा इथे कुणी एकटा नाही, एवढाच माझा मुद्दा, आणि ताळेबंदातला कुठलाही आकडा तो खोडत नाही.

मिलवॉकीची_सून

‘संघ गावातून जात नाही’ हे मिलवॉकीत येऊन बोला! १९३३ पासून पॅकर्स दरवर्षी काही घरचे सामने आमच्याकडे खेळायचे. संघ अडचणीत होता तेव्हा मोठ्या शहराची गर्दी आणि तिकिटाचा पैसा चालला. १९९४ च्या हंगामानंतर बंद. का, तर ग्रीन बेच्या स्टेडियममध्ये जास्त कमाई होते. मालक असता तर त्याला लोभी म्हटलं असतं, समितीने केलं म्हणून दूरदृष्टी.

इथल्या जुन्या तिकीटधारकांना वर्षाला मोजके सामने राखून ठेवले, हे खरं. सासूबाईंकडे तशी तिकिटं आहेत. ती पुढे कुणाच्या नावावर करायची यावरून घरात जे चाललंय ते इथे लिहीत नाही. हंगामी तिकिटाच्या रांगेत १ लाख ४० हजारांवर नावं आहेत आणि ८१ हजारांचं स्टेडियम. पोर जन्मल्याबरोबर नाव नोंदवतात. माझ्याकडे शेअर आहे, रांगेत नाव आहे, आणि सामना बघते दिवाणखान्यात.

चौथा_डाऊन

तुम्ही सगळे हिशोबात अडकलात. खेळाचं बोला की. लीगची १३ विजेतेपदं, सगळ्यांत जास्त. प्रशिक्षक विन्स लोम्बार्डीच्या काळात सात वर्षांत पाच, पहिले दोन्ही सुपर बोल म्हणजे अंतिम सामने, आणि करंडकाला त्याचंच नाव. ठीक. पण १९९२ पासून जवळजवळ तीस वर्षं या संघाकडे आधी ब्रेट फाव आणि मग ॲरन रॉजर्स होता. क्वार्टरबॅक म्हणजे सगळा डाव ज्याच्या हातून चालतो तो. एवढी सलग चैन दुसऱ्या कुणाला मिळाली नाही. मिळालं काय? १९९६ चा आणि २०१० चा हंगाम. दोन.

जानेवारी २०१५, सिएटल, पहिल्या अर्धात १६-० ने पुढे आणि हार. जानेवारी २०२१, टँपाविरुद्ध आठ गुणांनी मागे, दोनच मिनिटं बाकी, गोलरेषा आठ यार्डांवर, आणि प्रशिक्षक लाफ्लूर चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, तीन गुणांची किक घेतो! चेंडू पुन्हा हातात आलाच नाही. माझं टोपणनाव कुठून आलं ते कळलं असेल.

आणि २०२०? संघ उपांत्य फेरीत हरून आलेला, रॉजर्सला चेंडू झेलणारे हवेत, आणि ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या, पहिल्या फेरीत हे त्याच्याच जागेवर बसणारा जॉर्डन लव्ह उचलतात. चिडणारा मालक असता तर असं धाडस झालं नसतं. कुणाची खुर्ची हलत नाही, म्हणून ‘जवळजवळ जिंकलो’ यावर सगळं चालून जातं.

फॉक्सकाठचा

चिडणारा मालक हवा ना? डॅलसकडे आहे. जेरी जोन्सने १९८९ मध्ये काउबॉइज घेतला, खेळाडू निवडायचं कामही स्वतःकडे ठेवलं. १९९५ च्या हंगामानंतर विजेतेपद सोडा, उपांत्य फेरीही नाही. क्लीव्हलंडच्या आताच्या संघालाही मालक आहे. २०१६ आणि २०१७ मिळून ३२ सामन्यांत त्यांनी एक जिंकला.

ग्रीन बेचा खरा अंधार फाव-रॉजर्सच्या आधीचा. लोम्बार्डीने प्रशिक्षकपद सोडल्यावर १९६८ ते १९९२, पंचवीस हंगामांत फक्त दोनदा बाद फेरी. तेव्हा कार्यकारी समिती खेळाच्या कारभारात बोटं घालायची. अध्यक्ष बॉब हार्लनने १९९१ मध्ये रॉन वुल्फला व्यवस्थापक म्हणून आणलं आणि सगळे अधिकार त्याला देऊन समितीला बाजूला बसवलं. दोन वर्षांत रेजी व्हाइटसारखा खेळाडू आपण होऊन या थंडीत खेळायला आला. दोष रचनेचा म्हणाल तर ती रचना तीच राहिली, वागणूक बदलली.

आणि लव्हने २०२३ मध्ये पहिल्याच पूर्ण हंगामात डॅलसला डॅलसमध्ये ४८-३२ ने हरवलं, बाद फेरीत. रॉजर्स तोवर न्यूयॉर्कला गेलेला होता. त्या ड्राफ्टवर रडणं आता तरी थांबवा.

बेअर्सवाला_शिकागो

‘आता’चा विषय निघालाच आहे तर मलाही बोलू द्या. पॅकर्सनी डॅलसच्या मायका पार्सन्ससाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे दोन हक्क आणि आपला खेळाडू केनी क्लार्क दिला, वर पार्सन्सला चार वर्षांचे १८८ दशलक्ष डॉलर. डॅलसला परत गेले तेव्हा सामना ४०-४० बरोबरीत. डिसेंबरात पार्सन्सचा गुडघा गेला आणि ९-३-१ वर (नऊ विजय, तीन पराभव, एक बरोबरी) असलेला संघ उरलेले चारही सामने हरला. मग बाद फेरीत आमच्या मैदानावर मध्यंतराला २१-३ पुढे, आणि निकाल ३१-२७. आमच्या बाजूने, हे सांगायला नको.

पण एक जुनी गोष्ट. १९५६ मध्ये ग्रीन बेत नव्या स्टेडियमसाठी कर्जरोखे काढायचे की नाही यावर मतदान होतं. प्रचाराला कोण गेलं? शिकागो बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस. प्रतिस्पर्ध्याच्या गावात जाऊन त्यांनी सांगितलं, की स्टेडियम बांधा. तर संघ वाचवण्याच्या यादीत एक मालकही आहे, भागधारकांनो. आमचा मालक स्वतःच्या शहरात काय करतोय ते विचारू नका. शिकागोबाहेर आर्लिंग्टन हाइट्सची जागा २०२३ मध्ये विकत घेतली, आता शेजारच्या इंडियाना राज्याकडेही डोळा आहे.

चौथा_डाऊन

ते डॅलसवरचं ४८-३२ किती वर्षं पुरवणार? पुढच्याच आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोत हरलो. २०२४ ला फिलाडेल्फियात पहिल्याच फेरीत २२-१०. त्यानंतर शिकागो. आणि एवढं होऊन लाफ्लूर जागेवर. जोन्स वाईट मालक आहे म्हणून मालक नसणं चांगलं, हे सिद्ध होत नाही.

फॉक्सकाठचा

हॅलसचं श्रेय मान्य. त्यांना दरवर्षी हरवायला जवळचं गिऱ्हाईक हवं होतं, हेही असेल. पण तुमच्या शेवटच्या वाक्यानेच माझा धागा पुढे नेला. आर्लिंग्टन हाइट्स की इंडियाना, हा प्रश्न ग्रीन बेत कुणाला पडतच नाही.

लाफ्लूरवर मी बोलत नाही. मलाही तो सामना बघून झोप आली नव्हती.

आकडेमोड

पुढचं बघा. २०२४ पासून लीगने खासगी गुंतवणूक निधींना संघाचा दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा विकायला परवानगी दिली. बाकीचे संघ त्यातून कोट्यवधी उभे करतील. पॅकर्सना ते शक्य नाही, आणि शेअरविक्रीतून येणारा पैसा स्टेडियमच्या कामालाच लागतो, खेळाडूंच्या पगाराला नाही. राखीव निधी ५०० दशलक्षांच्या वर आहे, तो पुरवून वापरायचा. दुसरा असा संघ आता निघूही शकत नाही, कारण लीगच्या नियमात मुख्य मालक लागतो. यांना जुने म्हणून सूट.

जुलै २०२५ मध्ये मार्क मर्फी वयाच्या नियमाने अध्यक्षपदावरून निवृत्त झाले, एड पॉलिसी आले. पॉलिसींचे वडील सॅन फ्रान्सिस्को संघाचे अध्यक्ष होते. पाच लाख मालकांपैकी किती जणांना विचारलं?

फॉक्सकाठचा

कुणालाच नाही. आणि पॉलिसींना उद्या संघ विकावासा वाटला, तर त्यांनाही कुणी विचारणार नाही.

मिलवॉकीची_सून

वा! म्हणजे निवडताना आम्हाला विचारायचं नाही, आणि याला तुम्ही गुण म्हणता. जुलैच्या सभेला मी येणार आहे. रांगेतल्या नावांपैकी भागधारक किती, हा प्रश्न लिहून देणार. उत्तर मिळालं तर इथेच टाकते.