२०१९चे टोरांटो रॅप्टर्स: भाऊ म्हणतो नशिबाने जिंकले. शाळेच्या मुलींना हा सीझन दाखवू का?

रिबाउंडताई (सांगली):

नमस्कार मंडळी. मी शाळेतल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवते. संघात दोघी चांगल्या उंच आणि तयार आहेत, बाकीच्या मेहनती पण बुजऱ्या. आमचं दुखणं ठरलेलं आहे. त्या दोघींपैकी एकीच्या हातात बॉल गेला की उरलेल्या जागेवर उभ्या राहून बघत बसतात. आणि समोर एखादी जबरदस्त खेळाडू आली की आमचा डिफेन्स कोलमडतो, सगळ्या तिच्या मागे पळतात आणि रिंगखालची पोरगी मोकळी सुटते.

सुटीत त्यांना एका संघाचा अख्खा सीझन गोष्टीसारखा सांगायचा आणि त्यातल्या दोन-तीन मॅच प्रोजेक्टरवर दाखवायच्या असं ठरवलंय. माझ्या मनात २०१८-१९चे रॅप्टर्स आहेत, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये खेळणारा कॅनडाचा संघ, त्या वर्षीचा चॅम्पियन. घरी भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "फायनलमध्ये समोरच्या वॉरियर्सचे दोन मोठे खेळाडू जायबंदी झाले म्हणून ते जिंकले. त्याआधी फिलाडेल्फियाविरुद्ध रिंगवर चार वेळा उडून आत पडलेला बॉल. नशिबाचा सीझन दाखवून मुली काय शिकणार?"

ज्यांनी तो सीझन पहिल्यापासून पाहिलाय त्यांनी सांगा. यात शिकवण्यासारखं आहे का? असेल तर नेमकी कोणती मॅच दाखवू?

स्प्लॅश_३०:

ताई, मी जुना वॉरियर्सवाला आहे, तेव्हा माझं मत त्या हिशेबानेच घ्या. तुमच्या भावाचं म्हणणं मला बरंचसं पटतं. केव्हिन डुरांट ह्यूस्टनविरुद्धच पोटरी धरून बाहेर गेला होता. फायनलच्या दुसऱ्या मॅचमध्ये क्ले थॉम्पसनची मांडी ताणली गेली, केव्हॉन लूनीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तिसऱ्या मॅचला स्टेफ करीने एकट्याने ४७ पॉइंट केले तरी आम्ही हरलो, कारण बाजूला कोणी उरलंच नव्हतं. पाचव्या मॅचला डुरांट परत आला, १२ मिनिटांत ११ पॉइंट केले आणि टाचेची शीर तुटून गेला. सहाव्या मॅचला क्ले ३० पॉइंटवर असताना त्याचा गुडघा गेला, आणि तेव्हा आम्ही पुढे होतो. टोरांटो चांगला संघ होता यात वाद नाही. पण ती सिरीज दोन पूर्ण संघांमधली नव्हती.

उत्तरेकडचा (मिसिसॉगा):

ताई, रॅप्टर्सच दाखवा, बिनधास्त दाखवा. मी टोरांटोच्या शेजारी राहतो आणि तो सीझन ऑक्टोबरपासून जूनपर्यंत मन लावून पाहिलाय. थोडं लांबेल, वाचून घ्या.

भाऊ बोलतोय ते जूनबद्दल. तुमच्या मुलींच्या कामाचं जे आहे ते त्याच्या आधी घडलं.

२०१६, २०१७ आणि २०१८, सलग तीन वर्षं लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलंडने आम्हाला प्लेऑफमधून (सीझननंतरच्या बाद फेऱ्या, आधी चार मॅच जिंकेल तो पुढे) घरी पाठवलं. शेवटच्या वर्षी तर ४-० असं. कोच ड्वेन केसींना काढलं, आणि त्याच सीझनचा सर्वोत्तम कोचचा किताब त्यांनाच मिळाला. त्यांचे सहायक निक नर्स मुख्य कोच झाले. मग १८ जुलैला संघाचे अध्यक्ष मसाई उजिरींनी डिमार डिरोझनला सॅन अँटोनिओला दिलं आणि क्वाय लेनर्ड व डॅनी ग्रीनला आणलं. डिरोझन नऊ वर्षं इथे खेळला होता. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता, अंगात कायम १० नंबरची जर्सी. तो रडला, आणि त्याची समजूत कशी घालावी मला कळेना. कारण बदल्यात आलेला लेनर्ड आदला जवळजवळ सगळा सीझन मांडीच्या दुखण्याने बाहेर होता, आणि वर्षभराने तो हवं तिकडे जायला मोकळा होणार होता.

आता मुद्द्याचं. लेनर्डला ८२पैकी ६० मॅच खेळवल्या, बाकी २२ला बसवून ठेवलं. त्या २२पैकी १७ मॅच संघाने जिंकल्या. हा आकडा फळ्यावर मोठा लिहा. सगळ्यात मोठा खेळाडू बेंचवर असताना काइल लाउरी, पास्काल सियाकाम, सर्ज इबाका, फ्रेड व्हॅनव्हलीट यांना आपापलं खेळावंच लागलं. सियाकाम त्या वर्षी लीगमधला सर्वांत प्रगती केलेला खेळाडू ठरला, तो अशाच रात्रींमुळे असं माझं ठाम मत आहे. तुम्हीही सरावात त्या दोघींना आळीपाळीने बाहेर बसवा. बाकीच्यांकडे बॉल आल्याशिवाय त्यांची भीती जाणार नाही.

फेब्रुवारीत मार्क गसोल आला. योनास वालांचुनास गेला याचं वाईट वाटलं होतं, पण गसोलसारखा डिफेन्समध्ये बोलणारा माणूस आमच्याकडे नव्हता. मागे उभा राहून तो सतत ओरडत असे, कोण कुठे सरकतोय ते. मुलींना हे जरूर दाखवा. आपल्याकडे पोरी डिफेन्स करताना तोंड उघडत नाहीत.

फिलाडेल्फियाची सातवी मॅच, १२ मे. ९०-९०, लेनर्ड उजव्या कोपऱ्यातून त्यांच्या एंबीडच्या हातावरून फेकतो, बॉल रिंगवर चार वेळा उडतो आणि आत. त्या क्षणी आमच्या इमारतीतले अनोळखी लोक गॅलरीत येऊन ओरडत होते. इथल्या जुन्या लोकांना अठरा वर्षांपूर्वीची सातवी मॅच आठवली. हाच प्रतिस्पर्धी, हीच फेरी, आणि व्हिन्स कार्टरचा शेवटचा शॉट तेव्हा आत गेला नव्हता. पण ताई, ही मॅच मुलींना दाखवू नका. लेनर्डने त्या दिवशी ३९ शॉट मारले आणि त्यातले १६ आत गेले. एकाने बॉल घ्यायचा आणि बाकीच्यांनी बघायचं, हे त्या आत्ताच करतात.

दाखवायची ती मिलवॉकीविरुद्धची तिसरी मॅच. मिलवॉकीने सीझनमध्ये सर्वाधिक ६० मॅच जिंकलेल्या, यानिस आंतेतोकुंपो त्या वर्षीचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). पहिल्या दोन मॅच आम्ही हरलो होतो, दुसरी तर २२ पॉइंटनी. यानिस पळत सुटला की दोन ढांगांत रिंगपाशी. तिसऱ्या मॅचपासून नर्स यांनी त्याच्यावर लेनर्डला लावलं. पण एकट्या लेनर्डने तो अडला असं समजू नका. लेनर्ड पुढे, थोडं अंतर राखून, छाती यानिसच्या समोर. यानिसने खांदा टाकून आत शिरायला घेतलं की मागे गसोल आधीच रिंगसमोर पाय रोवून उभा. आणि बाजूचा तिसरा, बहुतेक वेळा लाउरी किंवा ग्रीन, आपला माणूस न सोडता एक पाऊल आत येऊन हात खाली घालतो. यानिसला तीन अंगं दिसतात, तो बाहेर पास देतो, आणि पास सुटताक्षणी तिघेही आपापल्या माणसाकडे धावतात. ते धावणं बघा. एकदा नाही, दोन ओव्हरटाइमपर्यंत. यानिसचे १६पैकी ५च शॉट आत गेले, १२ पॉइंटवर तो फाऊल होऊन बाहेर गेला. आम्ही ११८-११२ने जिंकलो. लेनर्ड लंगडत ५२ मिनिटं खेळला.

तिथून सलग चार जिंकलो. शेवटच्या मॅचमध्ये १५ने मागे होतो. मधे एक टप्पा असा आला की आमचे २६ पॉइंट आणि त्यांचे ३. तो सगळा डिफेन्समधून निघाला. ज्या संघाला यानिस जायबंदी नसताना हे जमलं, त्याला नशिबाचा संघ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

स्प्लॅश, फायनलबद्दल तुमचं बरोबर आहे: डुरांट धडधाकट असता तर ती सिरीज कुठे गेली असती कोणी सांगावं. पण पहिल्या मॅचला क्ले पूर्ण खेळला, त्यात सियाकामने १७पैकी १४ शॉट आत घातले, ३२ पॉइंट. वॉरियर्सच्या घरी, ऑकलंडमध्ये, आम्ही तीनही मॅच जिंकलो. आणि १३ जूनच्या सहाव्या मॅचचे पहिले आठही पॉइंट लाउरीचे होते. तेरा वर्षं लीगमध्ये काढलेला, "प्लेऑफमध्ये गळपटतो" असं ऐकत आलेला माणूस. २६ पॉइंट, १० असिस्ट (बास्केट करून देणारे पास). अमेरिकेबाहेरच्या संघाने जिंकलेली ती पहिली एनबीए चॅम्पियनशिप. सगळ्यांना लेनर्ड आठवतो, फायनलचा एमव्हीपी तोच होता आणि योग्यच होता. मला विचाराल तर ती रात्र लाउरीची.

एक विनंती. पाचवी मॅच दाखवणार असाल तर डुरांट पडतो तो प्रसंग वगळू नका. आमच्याच स्टेडियममधल्या काही लोकांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या. लाउरी, इबाका, ग्रीन हात हलवून त्यांना गप्प करत होते. समोरचा पडल्यावर कसं वागायचं हे मुलींना त्यांच्याकडून पाहू द्या.

सहावा_खेळाडू:

वरच्या उत्तरात व्हॅनव्हलीट राहून गेला, म्हणून लिहिते. मी स्वतः पाच फूट एक इंच, कॉलेजला नागपूरकडून गार्ड खेळले, त्यामुळे माझा जीव त्याच्यात अडकलाय. २०१६च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) त्याला कोणीही घेतलं नव्हतं. फिलाडेल्फियाविरुद्ध त्याचे शॉट अजिबात पडत नव्हते. मिलवॉकीच्या सिरीजमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या मॅचच्या मधे त्याला मुलगा झाला, आणि त्यानंतरच्या तीन मॅचमध्ये १७ थ्रीपैकी (तीन पॉइंटचे लांबचे शॉट) १४ आत. फायनलच्या चौथ्या मॅचला कोपर लागून दात तुटला, डोळ्याखाली टाके, तरी पुढच्या मॅचला हजर. सहाव्या मॅचला २२ पॉइंट, त्यातले १२ शेवटच्या क्वार्टरमध्ये. फायनलच्या एमव्हीपीसाठी एक मत त्याला पडलं होतं. बुजऱ्या मुलींना एक खेळाडू दाखवायचा असेल तर हाच दाखवा, ताई.

स्प्लॅश_३०:

मिलवॉकीच्या सिरीजबद्दल तुमचं मान्य. ती सिरीज मी तेव्हा फारशी मन लावून पाहिली नव्हती, आता तिसरी मॅच काढून बघतो. आणि डुरांटच्या वेळचं लिहिलंत त्याबद्दल आभार. आमच्याकडच्या लोकांना ते फार लागलं होतं.

एक भर घालतो. फायनलच्या दुसऱ्या मॅचच्या शेवटी नर्स यांनी करीवर बॉक्स अँड वन (चौघे चौकोनात, पाचवा एकाच खेळाडूला चिकटून) लावला होता. एनबीएच्या फायनलमध्ये असलं शाळेतलं डिफेन्स बघून आम्ही चक्रावलो होतो. पाच मिनिटांहून जास्त वेळ आमचा एकही पॉइंट झाला नाही.

रिबाउंडताई (सांगली):

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला हा धागा वाचायला दिलाय. मिलवॉकीची तिसरी मॅच नक्की, आणि व्हॅनव्हलीटसाठी फायनलची सहावी. १७ विजयांचा आकडा फळ्यावर लिहिणार.

बॉक्स अँड वन वाचून डोळे चमकले. आमच्या गटात एका शाळेची एक मुलगी एकटीच अर्ध्याहून जास्त पॉइंट करते. ते माझ्या मुलींना जमेल का? आणि तो भाग मॅचमध्ये कुठे शोधू?

उत्तरेकडचा (मिसिसॉगा):

जमेल, पण केव्हा लावायचा हे महत्त्वाचं. चौघी रिंगभोवती चौकोनात, पाचवी त्या मुलीला चिकटून, बॉल कुठेही असो. तिच्याशिवाय लांबून मारणारी दुसरी कोणी त्यांच्याकडे असेल तर लावू नका, चौकोनाबाहेरून ती सुखाने मारेल. नर्स यांनी तो लावला तेव्हा क्ले दुखापतीने बाहेर गेला होता, डुरांट नव्हताच. करी सोडला तर लांबून भीती वाटावी असं कोणी कोर्टवर नव्हतं. स्प्लॅशचा दुखापतींचा मुद्दा इथे शंभर टक्के लागू होतो. हेही मुलींना सांगा की ती मॅच आम्ही १०९-१०४ने हरलो. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला सलग १८ पॉइंट खाल्ले होते, ते भरून निघाले नाहीत.

फायनलची दुसरी मॅच, शेवटच्या क्वार्टरची शेवटची सहा मिनिटं. करीवर व्हॅनव्हलीट आहे. पहिल्यांदा दाखवताना मुलींना बॉल बघूच देऊ नका, फक्त व्हॅनव्हलीटची पावलं बघायला सांगा: करी स्क्रीनकडे (त्याचा साथीदार वाट अडवायला उभा असतो तिकडे) वळायच्या आधीच तो स्क्रीनच्या वरच्या बाजूने निघालेला असतो. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा चौकोनातल्या चौघांकडे बघायला सांगा. त्या मुलीवर तुमची सगळ्यात उंच पोरगी लावू नका. सगळ्यात चिवट असेल ती लावा, आणि तिला दमायच्या आधी बदलायला दुसरी तयार ठेवा.