पार्कमध्ये नवीन पदार्थांचा हट्ट नको

खाण्यात चोखंदळ असलेलं तुमचं मूल अम्युझमेंट पार्कमध्ये घास घेत नाही, म्हणून जेवणाची सोय आधी कशी करायची असं तुम्ही विचारलंय. तुम्हाला बाकीच्यांनी डबा न्या म्हटलंय ते बरोबरच, पण बऱ्याच पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळांसाठी किंवा पथ्य असेल तर अनेकदा सवलत मिळते. आधी फोन करून विचाराच.

माझं ठाम मत, त्या दिवशी मुलांना नवीन काही चाखायला लावू नका. अनोळखी पदार्थ आवडायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, ते काम घरचं. ऊन, गोंगाट आणि उत्साहात भूक तशीही मरते. वेबसाइटवरचा मेन्यू आदल्या रात्री मुलासोबतच बघा आणि दोन पदार्थ त्यालाच निवडू द्या. ऑर्डर देताना सॉस वेगळा मागा. एकदा का तो ब्रेडवर पसरला, की पुसून काढला तरी अशी मुलं तो ब्रेड तोंडात घालत नाहीत.

गर्दीच्या आधी, साडेअकरालाच जेवा. गरगर फिरणाऱ्या राइड मात्र जेवणानंतर लगेच नकोत, मळमळतं.