मदत हवी आहे : दूरस्थ वेधशाळेसाठी वर्म गियर माउंट की हार्मोनिक ड्राइव्ह?

पूर्णपणे इंटरनेटवरून चालणाऱ्या वेधशाळेसाठी मला नवे विषुववृत्तीय माउंट (ताऱ्यांच्या चालीबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार) निवडायचे आहे. दुर्बीण, कॅमेरा आणि गायडर (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल दुरुस्त करणारा छोटा कॅमेरा) मिळून वजन 14 किलो आहे; नाभीय अंतर 1000 मिमी आणि पिक्सेल 3.76 मायक्रॉनचे असल्याने एका पिक्सेलमागे साधारण 0.78 आर्कसेकंद येतात.

सध्याच्या वर्म गियर (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारे दातेरी चाक) माउंटचे गायडिंग समाधानकारक आहे. खरी अडचण वीज गेल्यानंतरची आहे : यूपीएस संपला की माउंट आपली दिशा विसरते आणि सरकते छत बंद करण्याआधी दुर्बीण पार्क झाली आहे, म्हणजे ठरलेल्या सुरक्षित स्थितीत आली आहे, याची खात्री उरत नाही. प्लेट सॉल्व्हिंगने (फोटोतील तारे नकाशाशी जुळवून) दिशा परत मिळते, परंतु ढगाळ रात्री, म्हणजे छत मिटणे सर्वांत गरजेचे असते तेव्हाच, तो उपाय चालत नाही. अक्ष मूळ जागी आला हे ओळखणारा होम सेन्सरही लावून पाहिला. मात्र अक्ष कोणत्या बाजूने फिरून आला हे त्याला कळत नसल्याने केबल दोनदा गुंडाळल्या गेल्या.

हार्मोनिक ड्राइव्हची (लवचीक दातेरी कड्यावर चालणारी गियर रचना) आवर्ती त्रुटी, म्हणजे गियरमुळे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा होणारी चालीतली चूक, मोठी असली तरी गायडिंगमुळे ती मला चालेल. छताची उंची मात्र बदलता येणार नाही, म्हणून छत मिटण्याआधी दुर्बीण पार्क व्हायलाच हवी.

दोन्ही अक्षांवर ॲब्सोल्यूट एन्कोडर (वीज जाऊन आली तरी अक्षाची नेमकी स्थिती सांगणारा सेन्सर) असलेले वर्म गियर माउंट आणि ब्रेकसह तसेच एन्कोडर असलेले हार्मोनिक माउंट, यांपैकी कोणते वीज परतल्यावर तारे न पाहता, केबल न गुंडाळता स्वतःहून सुरक्षित पार्क होते, हे कोणी प्रत्यक्ष अनुभवावरून सांगू शकेल का?