अपघाताचा आकडा शून्य असला की सबकॉन्ट्रॅक्टर सुरक्षित ठरतो का?

ओळंबा

सबकॉन्ट्रॅक्टर निवडताना बऱ्याच मोठ्या बांधकाम कंपन्यांत पहिली चाळणी अपघातदराची असते. ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की तो बाद, त्याचं टेंडर कुणी उघडतही नाही. माझं स्पष्ट मत आहे की ही चाळणी बंद करावी. आकडा जरूर विचारा, पण निव्वळ त्यावर कुणाला बाहेर काढू नका.

गणित बघा. सर्रास वापरलं जातं ते अमेरिकेच्या ओशाचं (कामगारांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं) सूत्र: वर्षातले नोंदवण्याजोगे अपघात गुणिले २,००,०००, भागिले कामाचे एकूण तास. हे दोन लाख म्हणजे १०० माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे. आता २० माणसांचा प्लंबिंगवाला घ्या. त्याचे तास झाले ४०,०००. एकाच्या हाताला टाके पडले की दर थेट ५. दुसरीकडे ५०० माणसांच्या कंपनीत पाच जण जखमी झाले तरी दर १. छोट्याच्या वाट्याला ० येतं नाहीतर ५, मधलं काही येऊच शकत नाही. असा आकडा नशीब मोजतो, शिस्त नाही.

आणि बाद होण्याची भीती घातली की जखमा लपतात. मुकादम माणसाला गुपचूप दवाखान्यात नेतो, बिल स्वतः भरतो, मस्टरवर रजा लागते. आपल्या हातात येतो तो स्वच्छ कागद.

२० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझन या तेल खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला, ११ माणसं गेली. त्याच दिवशी कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी तिथे हजर होते, आणि सात वर्षांत कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात झाला नाही याचं कौतुक त्या भेटीत होणार होतं. बोटाला लागलेल्या जखमा मोजून मोठा अपघात किती जवळ आलाय ते कळत नाही.

मी काय बघतो? त्याची दुसरीकडे चालू असलेली साइट, न कळवता. एका ठिकाणी सगळ्यांनी हार्नेस (पडू नये म्हणून अंगात घालून हुकाने अडकवायचे पट्टे) घातले होते, फोटो काढावा असं दृश्य. जवळ गेल्यावर पट्ट्यांवर पाकिटातल्या घड्या तशाच दिसल्या आणि हुकावर एक ओरखडा नव्हता. हुक लोखंडाला अडकवला की दोन दिवसांत घासतो. म्हणजे तो कधी अडकवलाच गेला नव्हता. एकाला विचारलं, "हुक कुठे लावता?" त्याने मुकादमाकडे पाहिलं. त्या पार्टीचा अपघातदर शून्य होता.

लाल पेन

अजिबात पटलं नाही. मी कॉन्ट्रॅक्ट आणि विमा बघते, रोज हेच काम.

आकडा काढलात तर निवड कोण करणार? साइट बघून आलेला इंजिनीअर. म्हणजे ज्याची ओळख तो आत. उद्या कुणी पडलं तर वकिलाचा पहिला प्रश्न असतो, "हा माणूस तुम्ही कशाच्या आधारावर नेमला?" "हुक घासलेले होते" हे उत्तर तिथे टिकत नाही. लिहिलेला, सगळ्यांना सारखा लावलेला निकष टिकतो.

तुमच्या रिगच्या उदाहरणातून एवढंच सिद्ध होतं की आकडा पुरेसा नाही. तो निरुपयोगी आहे हे सिद्ध होत नाही. छोट्यांसाठी एका वर्षाऐवजी तीन-पाच वर्षं एकत्र धरा. आणि सबकॉन्ट्रॅक्टरने टाइप केलेला तक्ता घेऊच नका, विमा कंपनीकडून थेट दाव्यांचा इतिहास मागवा. त्यात मिटलेले दावे असतात, चालू असलेले असतात आणि चालू दाव्यांसाठी कंपनीने किती रक्कम बाजूला ठेवली आहे तेही असतं. मुकादमाने खिशातून दिलेलं बिल त्यात दिसणार नाही, मान्य. पण मोडलेला पाठीचा कणा खिशातून भागत नाही.

परांचीवाला

मी दुसऱ्या बाजूचा, स्वतः छोटा सबकॉन्ट्रॅक्टर. बाहेरच्या भिंतींचं प्लास्टर आणि रंगकाम करतो.

ताई, इतिहास मागवा, हरकत नाही. पण अमेरिकेत विम्याच्या दाव्यांवरून जो गुणांक काढतात (सरासरी फर्मला १.०, दावे जास्त तर त्याच्या वर), त्यात साधारण तीन वर्षांचा हिशेब धरतात आणि सगळ्यात ताजं वर्ष सोडून देतात. म्हणजे ज्याने मागच्या वर्षी चांगला सेफ्टी सुपरवायझर ठेवला त्याला फळ मिळायला थांबावं लागतं, आणि ज्याने तो काढून टाकला तो जुन्या पुण्याईवर आत येतो. शिवाय फर्म छोटी असेल तर एकही दावा नसताना तो गुणांक फारसा खाली जात नाही.

त्याहून मोठी अडचण विम्याच्या रकमेची. क्रेनवाल्याला जी मर्यादा, तीच रंगाऱ्याला. एवढा हप्ता झेपत नाही म्हणून माझ्यासारखे काय करतात? मोठ्या फर्मच्या नावाखाली घुसतात. तपासणी तिची होते आणि परांचीवर आम्ही चढतो. तुमची चाळणी कडक झाली की खालची साखळी एका कडीने लांबते.

पाचवा मजला

हाच मुद्दा मांडायला आलो होतो. सेफ्टी ऑफिसर म्हणून सांगतो, आम्ही ज्याला तपासलेलं असतं तो माणूस साइटवर दिसतच नाही. गेटवर नाव वेगळं, बिलावर वेगळं. परवानगीशिवाय काम खाली द्यायचं नाही, आणि दिलं तर त्या खालच्याचीही तीच तपासणी, हे कलम करारात हवंच आणि गेटवर रोज तपासायला हवं.

दुसरी गोष्ट, विम्याचा दाखला हातात आला की सगळे निश्चिंत होतात. एका पार्टीच्या दाखल्यात रक्कम बरोबर, तारीख बरोबर. मूळ पॉलिसी मागवली तर व्यवसायाच्या रकान्यात "इमारतीच्या आतील रंगकाम", आणि ठरावीक उंचीवरचं काम वगळलेलं. आपण त्याला देणार होतो बाहेरची भिंत! माणूस पडला असता तर दावा तिथेच अडकला असता. वेल्डिंगवाल्यांच्या पॉलिसीत आगीच्या कामाच्या अटी असतात, त्याही दाखल्यावर येत नाहीत.

लाल पेन

पॉलिसीबद्दल शंभर टक्के सहमत. दाखला फक्त माहितीसाठी असतो, तो कुणाला हक्क देत नाही. हप्ता थकला तर पॉलिसी मधेच रद्द होते आणि दाखला फाइलमध्ये तसाच राहतो. म्हणून व्यवसायाचं वर्णन, वगळलेल्या गोष्टी आणि मुख्य कंत्राटदाराचं नाव जोडल्याची एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली बदलाची नोंद) ही पानं मी मागतेच. विम्यात किती माणसं आणि किती पगार दाखवलाय तेही. दहा दाखवायची आणि तीस आणायची, हे फार चालतं.

पण परांचीवाले, रकमेवर मी हटणार नाही. कंत्राटदार छोटा म्हणून पडणाऱ्या माणसाची दुखापत छोटी होत नाही. तुम्ही काम करता ती उंची क्रेनवाल्याइतकीच जीवघेणी आहे. बांधकामात सगळ्यात जास्त माणसं उंचावरून पडूनच जातात.

परांचीवाला

मग पूर्ण प्रकल्पाचा एकच विमा मालकाने किंवा मुख्य कंत्राटदाराने काढावा आणि आम्हाला त्यात घ्यावं. ही पद्धत मोठ्या प्रकल्पांवर आहेच. माझी माणसंही झाकली जातील आणि कुणाच्या नावाखाली लपावं लागणार नाही.

लाल पेन

आहे, पण तिथे सबकॉन्ट्रॅक्टरच्या खिशाला झळ बसत नाही आणि काळजी सैल होते. प्रत्येक दाव्यात काही हिस्सा त्याने सोसायचा, ही अट असेल तरच मी तयार.

ओळंबा

ही अट मला मान्य आहे. निकष लिहिलेला हवा हेही मान्य, पण साइटभेटही लिहून ठेवता येते: दोन वेगळ्या विभागांची माणसं, ठरलेले प्रश्न, तारखेसह फोटो. वकिलासमोर ते टिकेल. आकड्यावरून बाद करण्याला माझा विरोध आहे तसाच आहे. आकडा वाईट असेल तर त्याला बोलावून विचारा, काय झालं आणि नंतर काय बदललं. पाच मिनिटांत माणूस कळतो.

आणखी एक, यावर कुणीच बोललं नाही. जाळ्या, कडेचे कठडे, लाइफलाइन (हार्नेसचा हुक अडकवायची दोरी) यांचा खर्च सबकॉन्ट्रॅक्टरच्या दरात मिसळलेला असतो. घासाघीस झाली की पहिला तोच कापला जातो. हा खर्च टेंडरमध्ये वेगळ्या ओळीत ठेवा, रक्कम आपणच ठरवा, त्यावर स्पर्धा नको, आणि जाळी प्रत्यक्ष बांधलेली दिसल्यावरच बिल पास करा. लाल पेन, तुमच्या करारात ही ओळ घालायला काय अडचण आहे?

लाल पेन

अडचण नाही. पुढच्या मसुद्यात घालते. अपघातदराची मर्यादाही त्याच मसुद्यात राहील.