रांगतं लेकरू आणि ३८ किलोंचा कुत्रा: एका घरात राहू शकतात का?

ओसरी (धागाकर्ती)

परवा संध्याकाळी बंड्या गुरगुरला. पाच वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही माझ्या लेकीवर.

बंड्या म्हणजे आमचा जर्मन शेफर्ड, वजन ३८ किलो. लेक चौदा महिन्यांची, वजन साडेनऊ. म्हणजे चार लेकी एका पारड्यात घातल्या तर बंड्याची बरोबरी. तो टेबलाखाली आडवा पडला होता. ही दुडुदुडु गेली आणि त्याच्या मागच्या पायावर बसायला लागली. मी चार पावलांवर होते. गुरगुर ऐकली, झडप घालून तिला उचललं, आणि नवऱ्याने बंड्याला चपलेने एक हाणली.

तेव्हापासून घरात दोन तट. सासरे म्हणतात, उद्याच्या उद्या कुणाला तरी देऊन टाका. नवरा म्हणतो, एकदाच झालंय, विसरून जा. मला दोन्ही पटत नाही. माझं मत असं: मोठा कुत्रा आणि लहान मूल एका घरात राहू शकतात, पण 'आमचा तसा नाही' या भरवशावर नव्हे. दोघं एका खोलीत असतील तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, नाहीतर मध्ये बेबी गेट (दारात बसवायचं छोटं फाटक) बंद. कुत्र्याला मूल पोचणार नाही अशी एक हक्काची जागा. जेवताना, झोपताना त्याच्याजवळ मूल फिरकायचं नाही. एवढं पाळलं तर चालेल असं वाटतं. खोडून काढायचं असेल तर जरूर काढा, फक्त 'जनावर ते जनावर' एवढ्यावर थांबू नका.

कडूजिरे

असहमत. तुमच्या धाग्यातच उत्तर आहे. चार पावलांवर होतात, तरी तुम्हाला कळलं ते गुरगुरल्यावर. तो गुरगुरण्याऐवजी चावला असता, तर ती चार पावलं कमी पडली असती.

नियम कागदावर छानच दिसतात. माणसं ते पंधरा दिवस पाळतात. मग फोन वाजतो, दारावर कुणी येतं, आईला रात्रभर झोप नसते. मुलावर नजर ठेवणं हेच पूर्णवेळ काम, त्यात कुत्र्यावर, आणि त्या दोघांमधल्या अंतरावर. तीन नजरा कुठून आणणार? मूल सहा-सात वर्षांचं होऊन सांगितलेलं पाळू लागेपर्यंत घरात मोठा कुत्रा नको. आधीपासून असेल तर चांगलं घर शोधून द्यावा.

शेपूटवाला

कडूजिरे, नाव सार्थ केलंत :) आमचा लॅब्रेडॉर नऊ वर्षांचा झाला. मुलाने त्याचे कान ओढले, पाठीवर बसून घोडा घोडा केलं, तोंडात हात घालून दात मोजले. हूं नाही की चूं नाही. कुत्रा प्रेमाने वाढवला की प्रेमच देतो. दोघांचे मिठी मारलेले फोटो आहेत, टाकतो.

शिट्टी

फोटो टाकाच, पण टाकण्याआधी कुत्र्याचं तोंड नीट बघा. बारा वर्षं कुत्र्यांना शिकवतोय. लोक 'किती गोड' म्हणून दाखवतात त्या मिठीच्या फोटोंत बरेचदा कुत्र्याने मान फिरवलेली असते, कान मागे चिकटलेले असतात, डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसत असते. त्याला मिठी म्हणजे अडकवून ठेवणं. तो सोसतो, आणि आपण त्याला आवडलं असं समजतो. नऊ वर्षं सोसलं म्हणून दहाव्या वर्षी, सांधे दुखत असतानाही, सोसेल? पाठीवर बसणं आजपासून बंद करा. विनंती नाही, हात जोडून सांगतोय.

आता ओसरीताई, तुमच्याकडे वळतो. गुरगुर ही शेवटून दुसरी-तिसरी पायरी असते. त्याआधी कुत्रा बरंच काही बोलून झालेला असतो: जांभई देतो, झोप आलेली नसताना, जिभेने नाक चाटतो, खाणं समोर नसताना, तोंड वळवतो, उठून दुसरीकडे जातो. जायला वाट नसेल तर अंग ताठ करून थिजतो. ते थिजणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यानंतर वेळ फार थोडा उरतो. बंड्या टेबलाखाली होता म्हणता. मागे भिंत असेल तर त्याला निघून जायचा मार्गच नव्हता.

आणि ती चप्पल. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा मुलावर प्रेम करायला शिकत नाही, तो गुरगुरायचं नाही एवढंच शिकतो. 'काही कळायच्या आत चावला' असं ज्यांच्याबद्दल ऐकू येतं, त्यांतल्या कित्येकांना आधी गप्प बसवलेलं असतं. बंड्याने तुम्हाला सूचना दिली होती. तुम्ही सूचना देणाऱ्यालाच मारलंत.

पहिलं काम: जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. पाच वर्षांत न गुरगुरलेला कुत्रा अचानक गुरगुरला की मी आधी दुखणं शोधतो. शेफर्डच्या मागच्या पायांचे खुबे मुळात नाजूक, आणि ती बसली कुठे? नेमकी मागच्या पायावर. (तोवर घरातली माणसांची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी असतं.)

कडूजिरे

शिट्टी, प्रतिसाद आवडला, पण तो माझ्याच बाजूचा आहे. जांभई, जीभ, चंद्रकोर हे ओळखायला तुम्हाला बारा वर्षं लागली. चौदा महिन्यांच्या मुलीला ते कोण शिकवणार? तीन-चार वर्षांची मुलंसुद्धा दात विचकलेला कुत्रा बघून 'हसतोय' म्हणतात आणि तोंड जवळ नेतात.

चष्मेबहाद्दर

मुळात जातीबद्दल कुणीच का बोलत नाही? ब्रिटनने १९९१ मध्ये कायदा करून पिटबुलसह चार प्रकारांवर बंदी घातली. इंग्लंड-वेल्समध्ये फेब्रुवारी २०२४ पासून एक्सएल बुली हा दांडगा कुत्रा सवलतीच्या दाखल्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. उगाच? काही जातींत रक्तातच चावणं असतं, तिथे प्रेम आणि प्रशिक्षण काय करणार.

रेघोट्या

मग त्याच कायद्याची दुसरी बाजूही सांगा. १९९१ पासून बंदी असूनही २०२३ मध्ये नवा प्रकार यादीत घालावा लागला, म्हणजे चावे काही थांबले नव्हते. नेदरलँड्सनेही १९९३ मध्ये पिटबुलबंदी केली होती. चावे कमी होत नाहीत म्हणून २००८ मध्ये ती मागे घ्यायचं ठरलं. आणि २०२२ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत १८ हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला होता: दोन कुत्र्यांच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो. जात बघून स्वभाव ठरवणं म्हणजे आडनाव बघून ठरवण्यासारखं. ते आपल्याला चांगलंच जमतं, हे अवांतर.

चष्मेबहाद्दर

स्वभावाचं एक वेळ मान्य. पण जबडा आणि वजन तर जातीवरूनच ठरतं ना? चिडक्या छोट्या कुत्र्याचा चावा आणि पन्नास किलोंच्या रॉटवायलरचा चावा एका मापाचे नाहीत. चावेल की नाही हे जात सांगत नसेल. चावला तर काय होईल हे सांगते. लहान मुलाच्या घरात मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

रेघोट्या

हे मान्य. आधी असं म्हटलं असतंत तर मी आलोच नसतो.

रात्रपाळी

मुलांच्या अपघात विभागात काम करते, म्हणून लिहिते. मोठ्या माणसाला कुत्रा चावला तर बहुधा हात किंवा पाय. चार-पाच वर्षांखालच्या मुलांत चेहरा, डोकं, मान, कारण तेच कुत्र्याच्या तोंडासमोर येतं. कुत्रा बहुतेकदा अनोळखी नसतो, घरचा किंवा नात्यातला असतो. आणि आईवडिलांचं वाक्य ठरलेलं: 'आम्ही तिथेच होतो.' ते खोटं बोलत नाहीत, खरंच तिथेच असतात. खोलीत असणं आणि मध्ये असणं यात फरक आहे.

चावा झालाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि थेट डॉक्टरकडे. 'आमच्या कुत्र्याचं लसीकरण झालंय' म्हणून घरी थांबू नका. काय करायचं ते जखम बघून आम्ही ठरवू.

एक मात्र दुसऱ्या बाजूनेही सांगते, नाहीतर कडूजिरे मला आपल्या गटात धरतील. फिनलंडमध्ये ३९७ बाळांचं पहिलं वर्षभर निरीक्षण झालं होतं, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. घरात कुत्रा असलेल्या बाळांना श्वसनाचे आणि कानाचे संसर्ग कमी झालेले आढळले. कुत्रा म्हणजे नुसता धोका, असं मीही म्हणणार नाही.

दुसरं घर

'कुणाला तरी देऊन टाका' यातला 'कुणीतरी' बरेचदा मीच असते. नको झालेले कुत्रे तात्पुरते सांभाळते. आजवर आलेल्यांत निम्म्यांबद्दल खरं सांगितलंच गेलं नव्हतं. 'घर लहान पडतं' म्हणून दिलेला एक आठ दिवसांनी माझ्या भाच्यावर धावला. नंतर कळलं, आधीच्या घरी दोनदा चावून आला होता. द्यायचाच असेल तर सगळं सांगून द्या, लाजू नका.

पण द्यायचाच नाही, असंही मी म्हणत नाही. गुरगुरून बाजूला होणाऱ्या कुत्र्याची मला तितकी भीती नाही. जो बाळ रडलं की आवाज न करता, टक लावून, दबकत जवळ येतो त्याची आहे. आधी चावलेला, किंवा ताटलीजवळ माणूस आलं की थिजणारा, त्याला रांगत्या मुलाच्या घरात ठेवणं कुत्र्यावरही अन्याय. बंड्या यातला वाटत नाही. तरी मला घरी येऊन बघायला बोलावलंत तर मी आधी गेट बघेन, मग कुत्रा.

शेपूटवाला

फोटो पुन्हा बघितले. चंद्रकोर आहे. तीनपैकी दोन फोटोंत.

ओसरी (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, कडूजिऱ्यांचेही. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. क्ष-किरणात उजवा खुबा झिजलेला दिसतोय. ती नेमकी त्याच पायावर बसत होती. वेदनाशामक सुरू झालंय, वजन कमी करायला सांगितलंय. नवरा परतीच्या वाटेत एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर चपला बाहेर ठेवल्या आणि बराच वेळ बंड्याजवळ जमिनीवर बसून राहिला.

बंड्याची गादी टेबलाखालून काढून आतल्या खोलीत नेली, दारात गेट बसवलं. मुसक्याची सवय लावायची का, ते शिट्टींना विचारायचंय. सासरे अजून 'देऊन टाका' वरच आहेत. त्यांना तीन महिने मागितलेत. आणि खरं सांगायचं तर आज सकाळीच गेट सताड उघडं सापडलं. लेक उंबऱ्यापर्यंत पोचली होती. बंड्या उठून कोपऱ्यात जाऊन उभा होता.

कडूजिरे

उघडं कुणी ठेवलं?

ओसरी (धागाकर्ती)

सासऱ्यांनी. त्याला पाणी ठेवायला गेले होते.

कडूजिरे

तीन महिन्यांनी धागा वर आणा, मी मत बदललेलं नाही. तोवर आपोआप बंद होणारं गेट घ्या. कडी लावायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.